बाहेर उघडणारं दार

दुकानात आले की भाऊसाहेब आधी माझ्या आतल्या खोलीचं दार एका बोटानं ढकलून बघायचे. दार आत गेलं की मान हलवायचे आणि म्हणायचे, "हे बी आतच उघडतंय, भाई." त्या खोलीत खिळ्यांच्या पेट्यांशिवाय काही नव्हतं. तरी मान हलायचीच.

उदगीरात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, अब्बांपासूनचं. हे गिऱ्हाईक तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेलं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, मीही. बायको जाऊन दोन महिने झाले नसतील, तर हे बिजागऱ्या घ्यायला हजर. घरातली सगळी दारं बदलायची, आणि तीही स्वतःच्या हातानं. जन्मभर फायली चाळलेला हात तो! मी म्हटलं, सुतार देतो पाठवून. तर म्हणाले, दोन सुतार येऊन गेले. दोघांचं म्हणणं एकच, दार आत उघडावं, बाहेर उघडलं की घरातली लक्ष्मी बाहेर जाते. आणि ह्यांना तर प्रत्येक दार बाहेरच उघडणारं हवं होतं.

मग काय विचारता. चौकटीची खाच उलट्या बाजूनं पाडायची म्हणजे पटाशीचं काम, तिथं कारकुनी चालत नाही. पहिलं दार त्यांनी रंधा मारून इतकं तासलं की खालून शेजारचं मांजर ये-जा करायला लागलं. दुसऱ्याच्या बिजागऱ्या उलट्या बसल्या. वाकडे झालेले स्क्रू रुमालात बांधून आणायचे आणि माझ्यापुढे ओतून म्हणायचे, स्क्रूच कच्चे दिले तुम्ही. मी पोट धरून हसायचो, खोटं कशाला बोलू. गल्लीतले लोक म्हणायचे, बायको गेली आणि ह्याला दारं सुचायलीत.

एका दुपारी लाईट गेली होती, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रंगाच्या डब्यावर बसून त्यांनी आपणहून सांगितलं. बायको अंघोळीला गेली आणि आत पडली. कडी लावलेलीही नव्हती. पण दार आत उघडणारं, आणि ती दाराला लागूनच पडलेली.

"मी भाहेरून ढकलायचो, अन् ती कण्हायची," ते म्हणाले. "मला वाटलं, जिती हाय. म्हणून अजून जोर लावला." मग म्हणाले, "दार तिच्या डोक्याला लागून राहिलं होतं, भाई. मला कळलंच न्हाई."

त्यानंतर मी हसलो नाही. आधी हसलो त्याची लाज वाटली, अजून वाटते.

आपली दारं झाल्यावर ते दुसऱ्यांच्या मागे लागले. मुखेडला पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पुढ्यातले पोहे तसेच ठेवून आधी बाथरूम बघून आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, एवढं दार बदलून घ्या. सोयरीक जमली, पण ह्यांना लग्नाला कुणी बोलावलं नाही. माझ्या अम्मीच्या बाथरूमचं रोज विचारायचे. मी म्हणायचो, ईद होऊ द्या. शेवटी एका शुक्रवारी, दुकान बंद असताना, स्वतःच हत्यारं घेऊन घरी आले. दिवसभर ठोकाठोक केली, अंगठा चेचून घेतला. दार बसलं खरं, पण बाहेरच्या बेसिनला अडतं, पुरतं उघडतच नाही. मी चिडलो. अम्मी म्हणाली, जाऊ दे रे, मी मावते तेवढ्यात.

गेल्या थंडीत लातूरच्या दवाखान्यात ते गेले. न्यूमोनिया झाला होता. त्यांची मुलगी हैदराबादला असते, तिनं घर विकलं.

नवा मालक धान्याच्या आडतीवर काम करणारा, माणूस सरळ. यादी घेऊन दुकानात आला. वास्तुवाल्यानं सांगितलंय, सगळी दारं आत उघडणारी करायची. मी म्हटलं, बाकीची करा, बाथरूमचं तेवढं राहू द्या. का, म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगून टाकलं. ती बाई, ते ढकलणं, ते कण्हणं. भाऊसाहेबांनी मलाच सांगितलेली गोष्ट, मी पहिल्यांदाच कुणापुढे काढली.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे बाई त्याच बाथरूममधी गेली?"

"हो."

"मग तर शांती करावी लागंल," तो म्हणाला. "अन् ते दार आधी फिरवावं लागंल."

मी परोपरीनं समजावलं. तो मान डोलवत राहिला आणि यादीवर बोट ठेवून उभा राहिला. मी बिजागऱ्या काढून दिल्या. मी दिल्या नसत्या तर समोरच्या दुकानातून नेल्या असत्या, हे खरं आहे. पण दिल्या मी.