उलटा राजा

केस कापता कापता माणसाच्या पोटातलं ओठावर आणण्यात कात्रीकाकूंचा हात कुणी धरू शकत नसे. नणंदेबरोबर चालवलेल्या त्यांच्या पार्लरात पुढे दोन खुर्च्या होत्या आणि मागच्या खोलीत पत्त्यांचं टेबल.

घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाने अडगळ काढताना पत्र्याचा एक डबा काकूंना देऊन टाकला. आत पत्त्यांचा कॅट निघाला. कितीतरी पिढ्यांपूर्वीचा, जाड, हाताने रंगवलेला. कोपऱ्यांत आकडे नाहीत. राजाराणीला डोकं एकच, त्यामुळे पत्ता उलटा आला की राजा थेट शीर्षासनात! दुसऱ्या कुणी तो काचेत ठेवला असता. काकूंनी त्याच संध्याकाळी डाव मांडला.

बातमी फुटली आणि जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ धावत आले.

"अहो, यावर तुम्ही रमी खेळता?" त्यांचा आवाज चिरकला. "हा ठेवा आहे, काकू! मला द्या. मागाल ते देतो."

"ठेवा असेल, पण पत्ते खेळण्यासाठीच असतात ना? बसा. तीन डावांतला एक जरी जिंकलात तरी कॅट तुमचा."

नणंदेने डोळे वटारले. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का?"

"तू पत्ते पिस गं."

गृहस्थ कच्चे खेळाडू नव्हते. पण उलटा राजा त्यांना बघवेना. चित्राचा पत्ता उलटा आला की ते हळूच सरळ करून घेत. काकूंनी ते पहिल्याच डावात हेरलं आणि हातातली चित्रं सोडलीच नाहीत. गृहस्थ हव्या त्या राजाराणीची वाट बघत ताटकळत राहिले. तिन्ही डाव काकूंचे.

"तुम्हाला माझे पत्ते दिसतात की काय?"

"तुम्हीच सांगता की! चित्र आलं की फिरवता. हा माझा राजा बघा, मघापासून डोक्यावर उभा आहे."

गृहस्थ त्या राजाकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "जुने खेळाडू असेच पकडले जायचे, हे मी भाषणात सांगत असतो हो!"

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले, काखेत लाकडी पेटी घेऊन. त्यांचा स्वतःचा सगळ्यात जुना कॅट, आजवर कुणाचा हात न लागलेला. झाकण उघडून त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"वाटा," ते म्हणाले.

"अगंबाई, राणी काय देखणी आहे हो!" नणंद वाकून बघत म्हणाली.

काकूंनी पदराला हात पुसले आणि पत्ते पिसायला घेतले.