ए वाजंत्री, उठा हितनं

सगळा हॉल हसला.

सांगलीत, विश्रामबागेत, रविवारी सकाळी. डॉक्टरांच्या बंगल्यावर वरच्या मजल्याचा हॉल. पोह्यांच्या बशा फिरून झाल्या होत्या. माझा मोबाईल त्यांच्या मोठ्या स्पीकरला जोडला होता आणि त्यातून सनई वाजत होती. दोघाचौघांनी डोळे मिटले होते. आणि मधेच, सनईच्या वरताण, एका बाप्याचा आवाज आला.

"ए वाजंत्री, उठा हितनं. पंगत बसायचीय. तिकडं टाकीपाशी बसा."

त्या बोलण्याला हसले. एकानं तर "हितनं" असं म्हणूनही दाखवलं. मग सरांनी उठून क्लिप बंद केली. अर्ध्यात.

सर म्हणजे आमच्या श्रवण मंडळाचे प्रमुख. कॉलेजातून निवृत्त झालेले. महिन्यातून एकदा आम्ही जमतो. ज्याची पाळी असेल त्यानं फारसं कुणी न ऐकलेलं, पण आपल्या जिवाजवळचं शास्त्रीय संगीत ऐकवायचं आणि ते जिवाजवळचं का, हेही सांगायचं. मी या डॉक्टरांच्या लॅबमध्ये रक्त तपासते. कामाच्या वेळीही माझ्या कानात काही ना काही चालू असतं, हे बघून डॉक्टरांच्या मॅडमनी मला मंडळात आणलं. मागच्या खेपेला एका आजींनी त्यांच्या आईनं रेडिओवर गायलेला टप्पा ऐकवला होता. रेकॉर्डिंगमध्ये नुसती खरखर. पण आजी रडल्या आणि सगळा हॉल त्यांच्याबरोबर गप्प बसला. तेव्हाच मी ठरवलं, आपण सनई ऐकवायची.

"कुठं मिळालं गं तुला हे?" मॅडमनी विचारलं.

"मीच रेकॉर्ड केलंय. वाजवणारे माझे वडील. मागं सूर धरलाय तो माझा चुलता."

खोलीतली हवा बदलली. हे ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. लोक बशीतला चमचा सरळ करतात. माझ्या आडनावावरून ज्यांना अंदाज आला नव्हता, त्यांना आता आला. आम्ही होलार. गावाच्या लग्नात, जत्रेत, देवाच्या दारात आम्हीच वाजवायचं, आणि पंगती उठल्यावर मांडवाबाहेर बसून जेवायचं.

सर हसून म्हणाले, "उपजतच असतं हो हे तुमच्या लोकांत."

उपजत. आबा, म्हणजे माझे वडील, पोरवयात ओढ्यावर बसून वाजवायचे, ओठ फुटून रक्त येईस्तोवर. हे मला आजीनं सांगितलं होतं. मला ते तिथं सांगता आलं नाही.

"वार्षिक कार्यक्रमात ऐकवू हे," सर म्हणाले. "तेवढं मधलं बोलणं काढून टाकू. माझा भाचा करून देईल."

मी क्लिप दिली. द्यायला नको होती असं अजून म्हणवत नाही. कारण आबांची सनई आता नाही. दात गेले, तशी फुंक गेली. ज्यानं उभा जन्म वाजवलं, त्याचं एवढंच रेकॉर्डिंग शिल्लक आहे. आणि आबांना आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही. वऱ्हाडानं त्यांच्या सनईवर अक्षता टाकल्या, वरणभात खाल्ला, आहेर केले. ऐकलं नाही. एका मोठ्या हॉलमध्ये, खुर्च्यांवर, गप्प बसून लोक माझ्या बापाला ऐकणार होते. मला ते हवं होतं. फार हवं होतं.

क्लिपमधलं ते लग्न इस्लामपूरकडचं. मोठे बागायतदार. दारात गाड्यांची रांग, मांडवात कूलर. मी तेव्हा शिकत होते, नवीन मोबाईल घेतला होता, आबा वाजवतात ते घ्यायचं म्हणून गेले होते. आबा आणि नाना मांडवाच्या खांबाशी पोत्यावर बसले होते. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. त्यानं कधी चाल वाजवली नाही. आबांच्या मागं एकच सूर धरून ठेवायचा. नाकानं श्वास घ्यायचा, गाल फुगलेले, सूर अखंड. लोकांना वाटायचं तो काहीच वाजवत नाही. आणि मग तो मालकाचा पुतण्या आला, माझ्याच वयाचा. त्यानं माझ्या बापाला "उठा" म्हटलं. हात धुवायच्या टाकीपाशी, चिखलात. मी मोबाईल धरून उभी होते.

सरांच्या भाच्यानं क्लिप पाठवली. खाली लिहिलं होतं, "बोलणं काढलं. मागची घरघरही काढली. आता एकदम क्लीन."

मी ती ऐकली नाही. आबांबरोबरच ऐकू म्हटलं. सुट्टी काढली, विट्यावरून एसटीनं माण तालुक्यात गावी गेले. आबा दारात शेळीला पाला घालत बसले होते. त्यांना सगळं सांगितलं. हॉल, हसणं, ते बोलणं काढून टाकल्याचंही.

"काढूंदे की," आबा म्हणाले. "आत तरी वाजंल एकदा."

आत तरी. या दोन शब्दांनी मला जे झालं, ते त्या हॉलच्या हसण्यानं झालं नव्हतं.

मी क्लिप लावली. सनई लख्ख होती. आबांनी मान तिरकी करून ऐकलं. थोडं ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, नाना कुठं हाय?"

मी कान मोबाईलला लावला. नाना नव्हता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नव्हता. ती घरघर म्हणजे नाना होता. मी हॉलमध्ये सांगितलं होतं, मागं सूर धरलाय तो माझा चुलता. सगळ्यांच्या समोर सांगितलं होतं. नाना जाऊन तीन वर्षं झाली.

"नाना न्हाई, तर मी कुनाच्या जिवावर वाजवतोय ह्यात?" आबा म्हणाले. "पैली लाव. त्यो बोलतोय ती."

मी पहिली लावली. "ए वाजंत्री, उठा हितनं." आबांनी बोट वर केलं.

"आता ऐक. हितं आमी उठलोय. सनई तोंडात धरून. मला अर्ध्यात दम सोडाय लागला, पोतं उचलाय. नानानं न्हाई सोडला. चिकलातनं चालत गेला, पर दम न्हाई सोडला."

खरंच. त्या माणसाच्या आवाजाखाली सनई क्षणभर थांबते. सूर थांबत नाही. इतकी वर्षं मी ही क्लिप ऐकत होते आणि त्या जागेवर दरवेळी माझा संताप एवढा व्हायचा, की नानाला मी ऐकलंच नव्हतं.

घरूनच सरांना फोन लावला.

"क्लिप आहे तशी वाजेल. नाहीतर वाजणार नाही."

"अहो, बाहेरचे पाहुणे येतात," सर म्हणाले. "त्यांना उगाच अवघडल्यासारखं कशाला करायचं?"

"अवघडू दे."

"नुकसान तुमच्या वडिलांचंच आहे. विचार करा."

नुकसान होतंच. आबा शेजारी बसून ऐकत होते. मी त्यांच्याकडं बघितलं. ते शेळीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, मला थांबवलं नाही. मी फोन ठेवला.

वार्षिक कार्यक्रम आबांशिवाय झाला. छान झाला म्हणे. मॅडमचा निरोप आला, अगं, एवढं मनाला लावून घेऊ नये. मी मनाला लावून घेतलंय. ते उतरवायचं माझ्या मनात नाही. मंडळही मी सोडलेलं नाही. सोडलं असतं तर त्यांना सोयीचं झालं असतं.

येत्या रविवारी माझी पाळी आहे. मी आबांना घेऊन जाणार आहे आणि पुढच्या ओळीत, खुर्चीवर बसवणार आहे. मोबाईल माझ्या हातात राहील, कुणाला उठून बंद करता येणार नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी आबांच्या तोंडाकडं बघून हसावं.

"ए वाजंत्री" येईल. तिथं मी आवाज वाढवणार आहे.