तेवीस जॉइंट, बावीस ठिपके

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. राग मानू नका. कुणाला झाडाखाली बाई दिसते, कुणाला मागून हाका ऐकू येतात... मी सगळी नोकरी हडपसरच्या एका कारखान्यात टेस्टिंगला केली. मीटर दाखवेल ते खरं, बाकी सगळं ऐकीव, असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण पुतणी म्हणाली, "काका, घरात प्रत्येकाला दोन-दोनदा सांगून झालंय तुमचं. आता जरा बाहेरच्यांना सांगा." म्हणून हा लेखनप्रपंच.

जागा नारायण पेठेतली. तळमजल्यावर दहा बाय बाराचा गाळा, रस्त्याच्या बाजूला शटर, मागे गजांची एक छोटी खिडकी. हे मूळ माझ्या वडिलांचं, नानांचं, रेडिओ दुरुस्तीचं दुकान. रिटायर झाल्यावर मी तिथे गिटारचे जुने अ‍ॅम्प दुरुस्त करायला लागलो. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे. हल्लीच्या मुलांना त्यांचं भारी वेड. म्हणतात, काका, याचा साउंड वॉर्म असतो. वॉर्म असणारच! वर पापड भाजून निघेल इतका तापतो.

नानांनी सत्तरच्या दशकात असे नऊ अ‍ॅम्प स्वतः बनवले होते. तेव्हा पुण्यात ऑर्केस्ट्रांची चलती होती आणि परदेशी अ‍ॅम्प कुणाला परवडत नसे. नानांची एक सवय होती. सोल्डरिंगचा प्रत्येक जॉइंट झाला की तो थंड होऊ द्यायचे, चिमट्याने वायर ओढून बघायचे, आणि पक्का वाटला तरच त्यावर नेलपॉलिशचा एक लाल ठिपका द्यायचे. ठिपका नाही म्हणजे तपासणी नाही. आमच्या घरात नेलपॉलिश यायचं ते फक्त एवढ्यासाठी. आई म्हणायची, "माझ्या नखांना कधी लाभलं नाही ते तुमच्या तारांना." मी स्वतः कधी हे ठिपके दिले नाहीत. माझ्याकडे डिजिटल मीटर आहे, नानांकडे नव्हता... असं माझं म्हणणं.

मी आठवीत होतो त्या वर्षी गणपतीत एका मंडळाच्या कार्यक्रमात नानांच्या अ‍ॅम्पवर वाजवणाऱ्या गिटारिस्टला जबरदस्त शॉक बसला. एक हात तारांवर होता, दुसऱ्या हाताने माइक सरकवायला गेला, आणि स्टेजवरून खाली फेकला गेला. जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं कायमची निकामी झाली. नाना त्याला भेटायला दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तो अ‍ॅम्प त्यांच्याकडे तपासायला कधी आला नाही आणि त्यांनी कधी मागितला नाही. नवा अ‍ॅम्प त्यानंतर त्यांनी बनवला नाही. पुढे मी नोकरीला लागलो, माझं लग्न झालं, तरी कधी कधी जेवताना घास हातात धरून ते मध्येच विचारायचे, "अर्थचा जॉइंट मी ओढून बघितला होता ना रे?" मला काय ठाऊक असणार? मी म्हणायचो, हो नाना, बघितला होता. ते मान हलवायचे. त्यांचा माझ्यावर विश्वास बसत नसे, हे दोघांनाही माहीत होतं.

नाना जाऊन आता बारा वर्षं होतील. गाळा आवरला तेव्हा वाळलेल्या नेलपॉलिशच्या बाटल्या मी स्वतः टाकून दिल्या. हे लक्षात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, सकाळी अकराच्या सुमारास दुकानासमोर रिक्षा थांबली. पंच्याहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उतरली. दोघांनी मिळून एक लाकडी खोका आत आणला. मागच्या फळीवर काळ्या रंगात सातचा आकडा होता. तो आकडा मी झोपेतसुद्धा ओळखला असता. नानांचा सात त्यांच्यासारखाच थोडा पुढे वाकलेला असायचा.

"हा कुठे मिळाला आपल्याला?" मी विचारलं.

"मिळाला नाही. तुमच्या वडिलांकडून घेतला होता," ते म्हणाले, आणि त्यांनी डावा हात पुढे केला. दोन बोटं आत वळलेली. "मी शेवडे. तो मीच."

बसा म्हणालो. दुकानात दुसरं स्टूल नाही, तरी म्हणालो.

मुलगी त्यांची नात, सई. गिटार वाजवते. "काका, शनिवारी आमचं गॅदरिंग आहे. आजोबांचा हा पीस माळ्यावर तसाच पडून होता, त्या दिवसापासून कुणी उघडलासुद्धा नाही. मला यावरच वाजवायचंय. होईल ना?"

"शनिवारी? आज सोमवार आहे."

"म्हणजे नाही होणार?"

"तसं म्हणालो का मी? गुरुवारी पाच वाजता या. चार ते सात दुकान उघडं असतं."

शेवडे काहीतरी बोलायला गेले, पण नातीकडे बघून थांबले.

ते गेल्यावर मी मागची फळी काढली. इतक्या वर्षांचा प्रश्न त्या खोक्यात पडून होता. आत नानांचे सगळे जॉइंट, प्रत्येकावर ठिपका, लालचा आता तपकिरी झालेला. अर्थचा जॉइंट म्हणजे लोखंडी पत्र्याच्या सांगाड्याला जोडलेली हिरवी वायर. सांगाड्यात वीज उतरलीच, तर ती माणसातून न जाता या वायरीने जमिनीत जावी म्हणून. तिच्यावरही ठिपका होता. मी नानांचाच चिमटा घेतला आणि ओढून बघितलं. हललासुद्धा नाही.

मग वायर उलगडत प्लगपर्यंत गेलो. थ्री-पिन प्लग. पण त्याची अर्थची जाड पिन नव्हती. तुटलेली नव्हे, करवतीने सरळ कापलेली. म्हणजे वायर होती, जॉइंट होता, आणि पुढे जमीनच नव्हती.

"नाना, तुमचा जॉइंट पक्का होता," मी रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणालो. समोरच्या झेरॉक्सवाल्याने वळून बघितलं. बघू दे.

पिन कुणी कापली ते शेवड्यांना विचारायचं ठरवून मी कामाला लागलो. बरेच पार्ट बदलावे लागले. मेनची वायर कुजली होती, त्यामुळे नवी वायर, नवा प्लग, आणि अर्थचा तो जॉइंटही काढून नवा करणं भाग पडलं. मला जिवावर आलं होतं, पण इलाज नव्हता. माझ्या हातचे एकूण तेवीस जॉइंट झाले. जॉबकार्डवर मी तसा आकडा लिहिलेला आहे.

गुरुवारी पावणेएकला शेवटचा जॉइंट, अर्थचा, राहिला होता. पत्र्याच्या सांगाड्याला सोल्डर करायचं तर मोठी इस्त्री लागते. आम्ही सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतो. ती तापायला दहा-बारा मिनिटं घेते. आणि आमचं दुकान एकला बंद होतं. एक म्हणजे एक. यावर पुण्याबाहेरच्यांनी काय विनोद करायचे ते करावेत. मी हातातल्या छोट्या इस्त्रीनेच जॉइंट उरकला. मीटर लावला, बीप आला, कागदावर ओके लिहिलं. अ‍ॅम्प चालवून बघितला. आवाज... काय सांगू! नानांचा आवाज. फळीचे चार स्क्रू लावले, शटर ओढलं, कुलूप घातलं. घड्याळात एक वाजायला एक मिनिट होतं.

मी कात्रजला राहतो. घरी जाऊन जेवलो, जरा आडवा झालो आणि चारला परत आलो. कुलूप जसंच्या तसं. एक किल्ली माझ्या खिशात. दुसरी बायकोकडे, आणि बायको घरी.

आल्यावर नानांचा चिमटा सापडेना. टेबल, खण, खाली, सगळीकडे शोधलं. म्हटलं, घाईत अ‍ॅम्पच्या आतच राहिला असणार. चिमटा लोखंडी, तो आत पडलेला असताना अ‍ॅम्प चालू झाला तर संपलंच. म्हणून चारही स्क्रू काढून फळी उघडली.

चिमटा आत नव्हता. आत ठिपके होते. लाल. ताजे. माझ्या नव्या जॉइंट्सवर.

मी आधी चष्मा पुसला. मग एका ठिपक्याला बोट लावलं. किंचित चिकट. बोटाला लाल आलं आणि तो वास आला, जो मी शाळेतून आल्यावर रोज घ्यायचो, नेलपॉलिशचा आणि सोल्डरच्या धुराचा मिसळलेला. भीती वाटली का, असं सगळे विचारतात. नाही वाटली. माझ्या डोक्यात एकच आलं — मोजा.

मोजले. बावीस. परत मोजले. बावीस.

तेविसावा अर्थचा. त्यावर काही नव्हतं.

तेवढ्यात चिमटा सापडला. माझ्या शर्टाच्या खिशात होता, जेवतानाही तिथेच असणार. त्याने मी हिरवी वायर धरली आणि ओढली. ती सरळ हातात आली. सोल्डर नुसतं वरवर बसलं होतं, आत धरलंच नव्हतं. याला आम्ही ड्राय सोल्डर म्हणतो. वायर टेकलेली असते, म्हणून मीटरही बीप देतो. शनिवारपर्यंत रिक्षाच्या दोन खड्ड्यांत ती निघाली असती. आणि सई स्टेजवर एक हात तारांवर ठेवून उभी असती...

मी खाली बसलो. लाज वाटली. आजवर इतकी कधी वाटली नव्हती. नानांनी आयुष्यभर ज्या चुकीचा धसका घेतला, ती त्यांनी केलीच नव्हती. ती मी केली, त्याच जागी, जेवायला जायची वेळ झाली म्हणून.

मोठी इस्त्री लावली. या वेळी बारा मिनिटं थांबलो. जॉइंट केला, थंड होऊ दिला, ओढला. पक्का.

पाच वाजता दोघं आले. मी शेवड्यांसमोर जुना प्लग ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"मीच कापली," ते म्हणाले. "मांडवात बोर्डाला टू-पिनच होती. कार्यक्रमाला दहा मिनिटं राहिलेली. डेकोरेटरकडून करवत मागून घेतली. तुमचे वडील प्लगला हात लावू नका म्हणून बजावून गेले होते, तीनदा."

"मग त्यांना सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला होता.

"आधी दवाखान्यात होतो. मग कळलं, त्यांनी काम थांबवलं. आज जाऊ, उद्या जाऊ... मग एके दिवशी पेपरात त्यांचा फोटो बघितला." ते सईकडे वळले. "तुला गिटार शिकवायची नाही म्हणत होतो, त्याचं कारण हे. अ‍ॅम्पची भीती नव्हती. माझीच लाज होती."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. नानांचा हातातला घास आठवत होता. पण अर्ध्या तासापूर्वी माझ्या हातात जी वायर आली होती, तीही आठवत होती. कुठल्या तोंडाने ओरडणार? मी त्यांना आतली बाजू दाखवली आणि सगळं सांगितलं. ठिपके, एक वाजायची घाई, सगळं. सई म्हणाली, "काका, यू आर नॉट सीरियस." मग तिने स्वतः मोजले, दोनदा.

"हा एक राहिलाय," शेवडे अर्थच्या जॉइंटकडे बोट करून म्हणाले. "याला नको?"

"आता पक्का आहे. पण माझ्याकडे नेलपॉलिश नाही."

"माझ्याकडे आहे," सई पर्समध्ये हात घालत म्हणाली. "पण काळं आहे."

"चालेल."

मी ब्रश हातात घेतला, तेव्हा शेवड्यांनी हात पुढे केला. डावा. "मी देऊ?" मी आधी चिमटा दिला. म्हटलं, आधी ओढून बघा, तशी पद्धत आहे. त्यांनी ओढून बघितलं. मग वळलेल्या बोटांत ब्रश कसाबसा धरून ठिपका दिला. चांगला वाटाण्याएवढा झाला. "माफ करा हो," ते म्हणाले. माझ्याकडे बघून नव्हे, त्या जॉइंटकडे बघून.

सईने शनिवारी त्याच अ‍ॅम्पवर वाजवलं. मी पहिल्या रांगेत होतो आणि सगळा वेळ तिच्या हातांकडेच बघत होतो.

त्यानंतर मी शक्य ते सगळं करून पाहिलं. दुकानाचा कोपरान् कोपरा शोधला, बाटली नाही. खिडकीच्या गजांतून हात टेबलापर्यंत पोचत नाही, मोजून बघितलं. डॉक्टरांकडून स्मरणशक्ती तपासून घेतली, ते म्हणाले, तुम्ही माझ्यापेक्षा बरे आहात. पुतणी म्हणते, तुम्हीच नकळत दिले असतील, सबकॉन्शस. असेल. पण नकळत बाटली कुठून आणली आणि नकळत कुठे टाकली, ते तिलाही सांगता येत नाही.

आता मीही ठिपके देतो. तुळशीबागेत बाटली घ्यायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, "वहिनींना कुठली शेड लागते?" मी म्हटलं, वहिनींना नको, मला हवंय. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सात नंबर दर जानेवारीत माझ्याकडे तपासणीला येतो. फळी उघडून मी आधी मोजतो. माझ्या जॉइंट्सवरचे तेवीस ठिपके. बावीस लाल, एक काळा. काळा कुणी दिला ते मी सांगू शकतो.