न आलेल्या टँकरची रेघ

काय घडलं हे विचारणारी माणसं पैशाला पासरी मिळतात. पण ते दर आठवड्याला किती वेळा घडतं, असं विचारणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे अक्कांचा, नवरा. अहमदपूरला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. मी नांदेडला शाळेत मराठी शिकवणारा. आकड्यांशी माझं मॅट्रिकपासून बोलणं बंद आहे. त्यामुळे आमच्या सासऱ्यांनी दोन्ही जावई एकाच डोळ्यानं निवडले असतील यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

साडूभाऊंच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर होतं. त्यात घटनांच्या तारखा भरायच्या, एक ओळ टाइप करायची, की कोणत्या आठवड्यात ती गोष्ट किती वेळा घडली याची चढउतार दाखवणारी रेघ पडद्यावर उमटायची. "तारखा द्या, चित्तर घ्या," असं ते रसवंतीवाल्याच्या थाटात सांगत. लाईट कधी गेली, लातूरची एस्टी कधी चुकली, शेजारचा कोंबडा भलत्या वेळी कधी आरवला, सगळ्यांच्या रेघा. फोनवर जयभीम घालून झाला की पुढचं वाक्य रेघेबद्दलच. नवा जिल्हा होणार आणि अहमदपूर लातुरातून निघून त्यात जाणार, अशी आवई तेव्हा अधूनमधून उठायची. टपरीवर त्यावरून हमरीतुमरी व्हायची. साडूभाऊंनी त्या बातम्यांच्याही तारखा भरल्या. म्हणाले, "हे बगा. निवडणूक जवळ आली की जिल्हा वर चढून राहिला. मतं पडली की खाली." टपरीवरचे दोन्ही पक्ष त्यांच्यावर नाराज झाले.

माझीही रेघ होती. एकदा ऐन जेवणात ते म्हणाले, "साडू, तुमचं येणं रविवारी लई वाढून राहिलंय. मटणाशी संबंध दिसतो." माझा घास तिथंच थांबला. तेव्हा समजूत घालत म्हणाले, "घाबरू नका. संबंध हाय म्हंजे तेच कारण हाय, असं न्हाई." स्वयंपाकघरातून अक्का म्हणाल्या, "कारण बी तेच हाय. त्यास्नी रस्सा वाढा अजून." मी रस्सा घेतला. अपमान गिळायला काहीतरी पातळ लागतंच.

मग तो दुष्काळ आला. लातूर शहराला रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, तिथं गावाच्या कडेला असलेल्या साडूभाऊंच्या वस्तीला कोण विचारतो? वस्तीला एक टँकर होता; आला तर आला. असंच एकदा टँकर आला नाही, म्हणून अक्का लांबच्या विहिरीवर गेल्या, पायरीवरून घसरल्या आणि कंबर धरून अंथरुणाला खिळल्या. वस्तीला दुसरा टँकर मिळवायचाच, असं त्या दिवशी ठरलं. साडूभाऊ म्हणाले, "रडून काई होत न्हाई. रेघ दाखवू." टँकर आल्याच्या सगळ्या तारखा त्यांच्याकडे होत्याच. अर्ज मी लिहिला. त्यात जिथं जागा दिसली तिथं 'तृषार्त' हा शब्द घातला.

तहसील कचेरीबाहेर वस्तीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बसल्या. आत मी साहेबांसमोर भाषण केलं. आलेख मला ओ की ठो कळत नव्हता, पण त्यावर बोट फिरवत मी म्हणालो, "साहेब, ही रेघ नव्हे, ही आमची व्यथा आहे!"

साहेबांनी चष्मा लावला. "व्यथा कुठंय गुरुजी? रेघ तर सरळ चाललीय. दर आठवड्याला टँकर येऊन राहिलाय. हे तर आमचं कौतुकच झालं. दुसऱ्या टँकरचं आता नवा जिल्हा झाला की बघू."

मी सवयीनं "धन्यवाद" म्हणालो.

बाहेर एका म्हातारीनं विचारलं, "मास्तर, काय म्हनला सायेब?"

"कौतुक केलं," मी म्हणालो. तिनं घागर उचलली तेव्हा ती माझ्या डोक्यात घालते की काय, असं मला वाटलं.

साडूभाऊ कचेरीच्या पायरीवर बसले होते. कागद गुडघ्यावर. म्हणाले, "साडू, टँकर आला त्या तारखा भरल्या मी. ज्या आठवड्यात तो आलाच न्हाई, त्या आठवड्याची तारीख कुठून येनार? कॉम्प्युटरला ते आठवडे ठावंच न्हाईत. त्यानं टँकर आला तेवढेच आठवडे एकमेकाला खेटून बसवले. तिथं शून्य भराया पायजे होतं. पोरांना हेच तर शिकवतो मी." मग कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही विहिरीवर पडली तो आठवडा बी ह्यात न्हाई, साडू."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

घरी जाऊन त्यांनी सगळी शून्यं भरली. आता रेघ वर उठायची आणि धाडकन जमिनीवर यायची, पुन्हा पुन्हा. कचेरीत जाताना मला बजावलं, "तुमी निस्तं हुभं राहा." मी निस्ता उभा राहिलो. साहेबांनी रेघ पाहिली, मग कारकुनाकडे पाहिलं; कारकुनानं छताकडे पाहिलं. दुसरा टँकर सुरू झाला. त्या पाण्याचा पहिला चहा अक्कांनी अंथरुणावरून हुकूम सोडून मलाच द्यायला लावला. त्याला गाळाची चव होती आणि मी तो दोनदा मागून घेतला.

अक्का त्या दुखण्यातून उठल्या, पुढं बरीच वर्षं चालल्याफिरल्या. आता त्या नाहीत. माझं रविवारचं जाणंही हळूहळू थांबलं. गुडघे, बीपी, एस्टीचे धक्के अशी कारणं मी सांगतो. अक्का असत्या तर त्यांनी स्वयंपाकघरातूनच खरं कारण सांगितलं असतं.

मध्यंतरी फार दिवसांनी गेलो. साडूभाऊ वाळले होते, पण कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर माझ्याच येण्याची रेघ होती. कुठं तुटलेली नाही, कुठं खाली पडलेली नाही, अगदी सरळ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "साडूभाऊ, मी तर महिनेच्या महिने फिरकलोच नाही. त्याची शून्यं भरायची राहिली."

"राहिली न्हाईत," ते म्हणाले. "ते टँकरला. घरच्या मानसाचं शून्य भरत न्हाई मी." आणि उठून आत जाता जाता म्हणाले, "बसा. रस्सा टाकतो. हिच्यासारखा न्हाई व्हायचा."

संध्याकाळची नांदेडची एस्टी मी जाऊ दिली.