सातवी ब चे सहा तास

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बेलवलीत संध्याकाळी ज्यांच्यासोबत पाय मोकळे करायला जातो त्यांनाही नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये. दोनदा कागद घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

कुठून सुरू करू? शाळेपासूनच करतो.

फाळणीनंतरची तीन-चार वर्षं झाली असतील. अंबरनाथच्या एका शाळेत मी मास्तर होतो. राहायला बदलापूरला, बेलवलीत. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या भातशेती. सातवीच्या फायनल परीक्षेच्या पुढे शिकलेला मी पहिला. बा बाजारात कोणी भेटलं की विचारल्याशिवायच सांगायचा, "आमचा सदा मास्तर हाय." हे सांगतोय ते सबब म्हणून नाही. पण सांगताना सबबीसारखंच वाटतंय — नाही का?

माझं अक्षर चांगलं, म्हणून शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे. मे महिन्यात हेडसर एका कागदावर वाटणी लिहून द्यायचे — कोणत्या वर्गाचा कोणता विषय कोणाकडे, आठवड्याला किती तास. त्यावरून मी मोठ्या तावावर चौकटी आखायचो. चौकटीत वर विषय, खाली शिक्षकाच्या नावाचं पहिलं अक्षर. मग मोजणी. एकदा वर्गाप्रमाणे, एकदा विषयाप्रमाणे, शेवटी शिक्षकाप्रमाणे. कोणाला एकाच वेळी दोन वर्गांवर पाठवलं नाही ना, गणिताचे सहाचे पाच झाले नाहीत ना. हे काम मी मन लावून करायचो. म्हात्र्यांनी तपासलंय म्हटल्यावर हेडसर चष्मासुद्धा न लावता सही करायचे. त्याचा मला अभिमान होता. होता — खोटं कशाला बोलू?

मोहिनीबाई आमच्याकडे गणित शिकवायच्या. सिंधमधून आलेल्या. तिकडेही त्या शाळेतच होत्या. नवरा इथे निर्वासितांच्या कॅम्पात पहिल्याच वर्षी तापाने गेला. मागे एक मुलगी आणि डोळ्यांनी अधू सासू. उल्हासनगर हे नाव तेव्हा आमच्या तोंडात बसलेलं नव्हतं, आम्ही कॅम्पच म्हणायचो. तिथल्या बराकीतून त्या रोज पायी अंबरनाथला यायच्या. मराठी दोन वर्षांत शिकल्या. 'ळ' म्हणता यायचा नाही, पोरं हसायची, त्याही हसायच्या. पण फळ्यावर गणित मांडलं की वर्ग गप्प. मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर असायचो. माझ्या वर्गातली पोरं भिंतीपलीकडे कान लावून बसायची. मला ते आवडायचं का? नाही आवडायचं.

त्या वर्षी एक तुकडी बंद झाली. एक शिक्षक जास्तीचा ठरला. शाळेच्या मंडळाने ठरवलं की नव्या दोघांपैकी ज्याचे तास कमी भरतील त्याला जूनपासून थांबवायचं. नवे दोघं म्हणजे मोहिनीबाई आणि मी. आणि तास मोजायचे कोणी? मीच. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. इतका माझ्यावर विश्वास.

हेडसरांच्या कागदाप्रमाणे त्यांचे तीस तास होत होते, माझे चोवीस. पण मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, कारण मी अजून बेरीज केलेली नव्हती. मी चौकटी भरत होतो. मोहिनीबाईंचं अक्षर 'मो', माझं 'म्हा'. सातवी ब चं गणित त्यांच्याकडे होतं, सहा तास. ते भरताना मी सहाच्या सहा चौकटींत 'म्हा' लिहून गेलो. गणित मीही शिकवायचो, आदल्याच ओळीत माझं अक्षर लिहून हात चालू होता. ती चूक होती. एवढ्यापुरतं तरी माझ्यावर विश्वास ठेवा — किंवा नका ठेवू. त्याने पुढचं काही बदलत नाही.

मोजणी केली. माझे तीस, त्यांचे चोवीस.

मला सुटल्यासारखं वाटलं. मग सवयीने ताव हेडसरांच्या कागदाशी ताडून पाहिला आणि सातवी ब वर बोट थांबलं. दुपारची वेळ होती, शाळेत शिपायाशिवाय कोणी नव्हतं. खोडरबर समोर पडलेलं. सहा चौकटी खोडायला किती वेळ लागला असता? पाच मिनिटं? मी ताव गुंडाळला, सुतळी बांधली आणि हेडसरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. हेडसरांचा तो कागद मात्र खिशात घालून घरी आणला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल — नोकरीचा प्रश्न होता, माणूस घाबरतो. हो. पण मी सांगायला बसलोय ते हे नाही. ते पुढे आहे.

चार दिवसांनी, रविवारी सकाळी, मोहिनीबाई माझ्या घरी आल्या. त्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या. बेलवलीत विचारत विचारत आल्या. बायकोने ओटीवर चटई टाकली, पाणी दिलं. हेडसरांनी त्यांना तास कमी भरल्याचं सांगितलं होतं. त्या रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हात्रेजी, मेरे तास एक बार फिर से गिन लो ना. हेडसर तर बोलले होते सातवी ब माझ्याकडे येणार."

मी म्हणालो, "आधी तसं होतं. नंतर बदललं."

"फिर भी, एकदा बघा. माणसाची चूक होते."

माणसाची चूक होते. त्यांनी मला दारच उघडून दिलं होतं. अहो, खरंच की, माझ्याकडून चुकून म्हा पडलं — एवढंच बोलायचं होतं. कोणी मला नावं ठेवली नसती. त्यांनी तर नक्कीच नसती.

त्या तावावरून उतरवलेली वेळापत्रकाची एक नक्कल घरी होती. मी ती आणली, ओटीवर पसरली, कोपऱ्यांवर चार खडे ठेवले. कानामागची पेन्सिल घेतली आणि तपासायला लागलो. तपासायला? तपासण्याचं सोंग करायला. पाचवी अ, सोमवार, पहिला तास. ओठ हलवत, मधेच थांबून, मागे जाऊन पुन्हा मोजत. तासभर तरी. मोहिनीबाई कागदाकडे बघतच नव्हत्या. माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सातवी ब आली तेव्हा पेन्सिल मी तितक्याच सावकाशीने त्या सहा चौकटींवरून नेली. हात अडखळला नाही. तो का अडखळला नाही, हे मी स्वतःला कितीदा विचारलंय.

अजून वाईट सांगतो. गुरुवारच्या रकान्यात चित्रकलेच्या मास्तरांना मी एकाच तासाला दोन वर्गांवर टाकलं होतं. ती चूक मला तेव्हा खरोखरच सापडली. मी ती मोहिनीबाईंना दाखवली. म्हणालो, "हे पाहा, चूक असली की मी सोडत नाही." त्यांना बरं वाटलं. त्या माझ्यासाठी खूश झाल्या, कळतंय का तुम्हाला? मी खऱ्या चुकीने खोटी तपासणी पक्की केली.

शेवटी म्हणालो, "चोवीसच होतात, बाई."

 हेडसरांना एकदा विचारू का, असं मोहिनीबाई म्हणाल्या. मी म्हणालो, "विचारा, पण त्यांच्या कामात चूक काढल्यासारखं होईल. पुढे कुठे दुसऱ्या शाळेत अर्ज केलात तर दाखला त्यांचाच लागणार." त्यांनी मान हलवली. नाही विचारलं. माझ्या बायकोला नमस्कार करून, चहा न घेता गेल्या.

त्या गेल्यावर हेडसरांचा कागद पेटीतून काढला आणि चुलीत घातला. बायकोने विचारलं, काय जाळताय? म्हटलं, रद्दी.

जूनमध्ये सातवी ब माझ्याकडे आली. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, मोहिनीबाई कधी येणार? मी म्हणालो, पुस्तक काढा. वर्षभर शिकवलं. वाईट शिकवलं. त्यातली किती पोरं गणितात नापास झाली ते मला माहीत आहे, सांगवत नाही. बा मात्र बाजारात सांगत राहिला. वेळापत्रकंही मीच करत राहिलो. पुढे नव्या मास्तरांना शिकवायचो, मोजणी तिन्ही बाजूंनी करा, एक बाजू कधी सोडू नका. ते लिहून घ्यायचे.

पाच-सहा वर्षांनी थोरलीच्या फ्रॉकसाठी कापड घ्यायला उल्हासनगरच्या बाजारात गेलो होतो. परत येताना बराकींच्या रांगेतून वाट काढत होतो. एका दाराबाहेर खाटांवर धुतलेल्या चादरी अंथरून पापड वाळत घातलेले. मोहिनीबाई वाकून ते उलटत होत्या. केस पुष्कळ पांढरे झालेले. मी मान खाली घालून पुढे निघालो, पण त्यांनी पाहिलं.

"म्हात्रेजी!"

थांबावं लागलं. त्यांनी कुठे कुठे अर्ज केले, काय झालं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासू गेल्याचं तेवढं सांगितलं. आतून मुलीला हाक मारली. ती आता चांगली उंच झालेली, हाताला पीठ लागलेलं. तिला म्हणाल्या, "हे बघ, हे म्हात्रेजी. माझे तास कमी पडले ना, तेव्हा रविवारी घरी बसून सगळं पुन्हा तपासलं यांनी. एवढं कोण करतं?"

मुलगी वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

मोहिनीबाईंनी वर्तमानपत्रात डझनभर पापड बांधले. नको म्हणालो, ऐकेनात. त्या वेळी तरी बोलता आलं असतं. रस्त्यावर फारशी माणसंही नव्हती. मी पुडी घेतली, बरं आहे म्हणालो आणि निघालो.

घरी बायकोने ते विस्तवावर भाजले. चांगले मिरीचे होते. आम्ही सगळ्यांनी जेवताना खाल्ले. मुलांनी आणखी मागितले, तेव्हा माझ्या पानातला मी त्यांना दिला नाही. तोही मीच खाल्ला.