रेवणसिद्धप्पाचं लपवलेलं दुखणं

खजुरीत रेवणसिद्धप्पाची पिठाची गिरणी होती. दळणाला आलेल्या बायकांशी हसून बोलणारा हा माणूस लग्नाला चार वर्षं झाली तरी बायकोच्या, हेमावतीच्या जवळ जायचं टाळत होता. लघवीच्या जागेची पुढची कातडी त्याच्या लहानपणापासूनच मागं सरकत नव्हती. ओढली की चिरा पडायच्या, दोन-दोन दिवस आग व्हायची. हे सांगायचं कुणाला? वडील नव्हते, आणि आईला सांगण्यासारखं नव्हतं.

मूल होईना म्हणून बोल लागले हेमावतीला. सासू दानम्मा तिला कडू काढे पाजायची, उपास धरायला लावायची. रेवणसिद्धप्पा समोर बसून जेवत राहायचा. शहात्तरच्या उन्हाळ्यात दानम्मा म्हणाली, "बसवकल्याणची एक पोरगी बगून ठिवलीय. दुसरं लगीन कर." भाकरी थापणारा हेमावतीचा हात थांबला, अन् पुन्हा चालू झाला. तो ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी गिरणीला कुलूप घालून त्यानं उमरग्याची बस धरली. दवाखान्याच्या दारातून दोनदा माघारी वळला. डॉक्टर तपासत होते तेव्हा त्यानं डोळे गच्च मिटून घेतले.

"कातडीचं तोंड अरुंद आहे. बऱ्याच जणांना असतं. ओढाओढ करू नका. छोटं ऑपरेशन करून तेवढी कातडी काढली की त्रास संपला."

"म्हंजे सुंता? गावात कळलं तर?"

"गावाला कशाला सांगायला जाताय? बायकोला माहीत आहे?"

त्यानं खाली बघूनच मान हलवली. न्हाई.

घरी आल्यावर त्यानं हेमावतीला परसात बोलावलं अन् अडखळत सगळं सांगितलं.

"चार वर्सं सारा गाव मला वांझ म्हणायलाय," ती म्हणाली, "अन् तुमी ऐकायलाव? कामून बोलला न्हाईत?"

"लाज वाटायली."

"अन् माझी लाज?"

तरी ऑपरेशनच्या दिवशी ती सोबत आली, बाकावर बसून राहिली. जखम भरल्यावर तो आईसमोर उभा राहिला. "अव्वा, बसवकल्याणला न्हाई म्हणून कळीव. दोष माझ्यात व्हता, हिच्यात न्हाई."

"कसला दोष रे?"

ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

दोन वर्षांनी मुलगी झाली. गिरणीतल्या बायका म्हणायच्या, "हेमावतीनं लई सोसलं." रेवणसिद्धप्पा खाली मान घालून पीठ भरत राहायचा.