पाळीवर टांगलेला फोन

तो फोन एवढा जाडजूड होता की शर्टाच्या खिशात मावत नसे. काळ्या रबरी अंगाचा, हातातून पडला तरी काही न होणारा. त्यात उजेडाची बॅटरी होती, रेडिओ होता, गजर होता, हिशेबाचं यंत्रही होतं. दुकानदारानं गुण गात तो माझ्या गळ्यात मारला आणि मी तो खरोखरच दोरी बांधून गळ्यात घातला.

राइस मिलला लागणारे रबरी रोल विकणं हे माझं काम. मूल गावाहून निघायचं, गाड्या बदलत कुरखेड्याच्या पुढे जायचं, फोनची बॅटरी लावून मिलच्या पोटात डोकं घालायचं आणि अंगभर कोंडा घेऊन बाहेर यायचं. दहा वर्षांत मी इतका थकलो होतो की एसटीत उभ्या उभ्याही डोळा लागायचा.

त्या फेरीत थकव्याला धास्तीची जोड होती. वडील चंद्रपूरच्या दवाखान्यात होते. निघताना भावाला बजावलं होतं, "जास्त झालं तर लगेच फोन कर." त्यांच्याशी दोन शब्द बोलायला तरी मिळावेत, एवढंच मनात होतं.

पण मी गेलो होतो त्या गावात रेंज मिळायची ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या एका फांदीजवळ. आलेला माणूस आपला फोन पिशवीत घालून तिथे टांगून ठेवायचा. वाजला की जो जवळ असेल त्यानं उचलायचा आणि निरोप पोचवायचा. गावाचा रिवाजच तो. मीही टांगला आणि त्या दिवशी बॅटरीशिवायच कामाला गेलो.

दुपारी मिलमधून सुटलो, विहिरीवर अंग धुतलं आणि नेहमीच्या घरी जेवायला बसलो. तलावात मासे धरणारं ते कुटुंब. दर फेरीला तिथली बाई मला जेवू घालायची. त्या दिवशी तिचा आग्रह भलताच होता. भातावर भात, वरून झिंग्यांचा रस्सा.

"आज काय घरी लगन हाये का, बाई?" मी गंमत केली.

"जेवा जी भाऊ, पोटभर जेवा."

मी सावकाश जेवलो. मीठ कमी आहे म्हणून कुरकुरही केली. हात धुतल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं.

"भाऊ, तुमच्या भावाचा फोन आल्ता. मीच उचलला. तुमचे बाबा लय बिमार हायेत. तुमच्यासंग बोलाचं म्हन्तेत."

"कधी आला?"

"तुमी विहिरीवर होते तवा."

"मंग तवाच काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं जेवले असते का जी तुमी? गाडी तं तीनालेच हाये."

वाईट बातमी उपाशी माणसाला सांगायची नाही, ही तिथली रीत. वाईट बातमी म्हणजे निघणं, निघणं म्हणजे तीनची गाडी. फोनवरून आत्ताच्या आत्ता माणसापाशी पोचता येतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी पाळीकडे पळालो.

भावानं फोन उचलला. म्हणाला, "फोन त्यांच्याच हातात देऊन ठेवला होता. तुझा येईल म्हणून. जाऊन दहा मिनिटं झाली रे."

खाली उतरलो तेव्हा बाई दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडे पाहून ती रडायला लागली. मला तिचा भयंकर राग आला होता, आणि तिच्यावर ओरडावं असं तिनं काहीच केलं नव्हतं. तीनच्या गाडीपर्यंत आम्ही दोघंही ओट्यावर बसून राहिलो. गाडी आली तेव्हा ती म्हणाली, "उपाशी नाई चालले, भाऊ, तेवढं बरं." मी मान हलवली आणि चढलो.

चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या भावाच्या क्वार्टरला पोचेपर्यंत रात्र झाली होती. घरात चूल पेटली नव्हती. आई, भाऊ, वहिनी, कोणाच्याही पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. आईनं मला जवळ ओढलं, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तू पण उपाशीच असशील ना रे?"

त्या हाताला अजून झिंग्यांचा वास येत होता. मी हो म्हणालो.